बाबांच्या व्हॅनची ठिगळं

"हे वेल्डिंग नव्हे, वॉली. ह्याच्यावर कबुतर शिटून गेलंय."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. माझे सासरे, आर्ची, व्हॅनखाली उताणे पडून शेजारच्या वॉलीला सांगत होते, आणि मी चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या पायांशी उभी होते, म्हणजे त्यांना माझे बूट दिसायला हवे होते, पण माणूस दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायला लागला की त्याला कुणाचे बूट दिसतात, सांगा बरं? व्हॅन माझ्या बाबांची. वेल्डिंगही बाबांनीच केलेलं. आणि बाबांना जाऊन तीन महिने झालेले. मी म्हटलं, तुमच्या तोंडावर शिटो कबुतर... म्हणजे, मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, चहा.

तुम्हाला सांगते, ह्या व्हॅनमधून बाबांनी बावीस वर्षं आमच्या मॉन्ट्रोज गावाच्या गल्ल्यागल्ल्यांतून धुरी दिलेले मासे विकले. आतून माशांचं मीठ, खालून हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर ओततात ते मीठ, बाजूने समुद्राचा खारा वारा... लोणचंसुद्धा एवढं मुरत नाही हो. सप्टेंबरात ह्याच व्हॅनमधून त्यांनी मला लग्नाला चर्चमध्ये नेलं, पांढऱ्या झग्याला अजून वास आहे, आणि नोव्हेंबरात ते गेले. जानेवारीत व्हॅनची वर्षाची तपासणी आली. तपासणीवाल्याने दाराखालच्या पट्टीला स्क्रूड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला, आणि माणूस इतका सभ्य की 'सॉरी' म्हणाला. व्हॅनला. मला नाही.

नापास. आता नवा पत्रा जोडा, नाहीतर भंगारात द्या. सासरे म्हणाले, "ईस्टरपर्यंत राहू दे अंगणात, पोरी. ईस्टरला आमची कॅराव्हॅन परत येते, मग जागा नाही." वर्षातून नऊ दिवस झोपायला लागणारं ते चाकांवरचं घर, त्याला जागा हवी, आणि माझ्या बाबांची म्हणून जी एकच वस्तू उरली आहे तिला... पण हेही मी मनातच म्हटलं. लग्नाला पाच महिने झालेली सून अंगणावरून भांडत नाही.

तर पत्रा जोडणार कोण? माझा नवरा. रोरी माणूस सोन्यासारखा, पण टोस्टरमधून पाव उडाला तरी दचकतो. म्हणून वेल्डिंगचं मशीन घ्यायचं ते शिकाऊ माणसाला झेपेल असं, आणि इथून सगळी गंमत सुरू झाली, कारण दर रविवारी जेवण झालं की टेबलावर मशीनच.

"शिकाऊला गॅसच्या बाटलीचंच द्यावं," आर्ची म्हणायचे. "गॅस टाक्याला हवा लागू देत नाही, टाका कसा नीट येतो."

"गॅस? तुझ्या अंगणात?" वॉली. "डोक्यावरची टोपी टिकत नाही तुझ्या, गॅस टिकणार? वाऱ्याने उडून जाईल सगळा. बिनगॅसचं घे. तारेच्या पोटातच औषध असतं त्याच्या."

"आणि ठिणग्या थेट माझ्या खिडकीवर."

"खिडकी पूस मग. सहा वर्षांत पुसली नाहीस."

मध्येच चुलत सासरे, जन्म बंदरात गेलेला, डोळे मिटल्या मिटल्या म्हणायचे, "वेल्डिंगच्या कांडीचं घ्या. आम्ही कांडीने जहाजं जोडली." की हे दोघं मिळून त्यांच्यावर, अहो जहाजाचा पत्रा कुठे आणि हा पोस्टकार्डाएवढा पातळ पत्रा कुठे, कांडी टेकवली की भोक! आणि रोरी फोनवर लोकांची मतं वाचणार, "एकाने लिहिलंय, मशीन उत्तम, गॅरेज जळालं, चार तारे."

असे सहा रविवार. गंज काही रविवारची वाट बघत नव्हता.

आणि मला कुणी विचारलं का? आठ वर्षांची असल्यापासून बाबा वेल्डिंग करताना बॅटरी मी धरली आहे. ते म्हणायचे, "एली, बघू नकोस, डोळे जातील. ऐक. मासा तळल्यासारखा आवाज आला की समजायचं, बरोबर चाललंय." सहाव्या रविवारनंतर मशीन आलं, गॅसवरही चालणारं आणि बिनगॅसही, म्हणजे कुणीच हरायला नको. रोरी एका जुन्या दारावर सराव करायला बसला आणि फट... फट... फट. भोकांची चाळण. मी म्हटलं, अरे, तार जरा हळू सोड, मासा करपतोय... मनात, दुसरं कुठे.

मग सासऱ्यांनी रंग घासायला घेतला. नियम असा, की चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं. खडूने रेघ मारली. रेघेखाली ठिगळ. रेघ पुढे सरकवली, तिथेही ठिगळ, त्याच्याखाली आणखी एक. रेघ पुढे पुढे जात राहिली, आणि मला कळत गेलं, की बाबांच्या आधीचं, कारखान्यातून आलेलं जे आहे ते राहणार, आणि बाबांनी केलेलं सगळं जाणार. व्हॅन पास व्हायची तर तिच्यातून बाबा काढायला हवेत.

छिन्नी मारताना एक ठिगळ निखळून खाली पडलं. सासऱ्यांनी ते उलटं केलं. आतून ग्रीस फासलेलं. पुसलं, तर टोपलीतली दोन मांजराची पिल्लं. कडा जळलेल्या, पिल्लं शाबूत. माझ्या बटणांच्या डब्याचं झाकण, मूळचं टॉफीच्या डब्याचं. मी नऊ वर्षांची असताना हरवलेलं. ते चोरलं म्हणून मी मावसबहिणीशी वर्षभर बोलले नव्हते, आणि बाबा म्हणाले होते, "मिळेल गं कुठेतरी."

वॉलीने टोपी काढली. "टॉफीच्या डब्यावर टाका घातला त्याने? कांडीने? आणि इतके हिवाळे टिकला?"

सासऱ्यांनी झाकण पँटला परत एकदा पुसलं, मग खडू हातात घेऊन माझ्याकडे बघत, इतक्या हळू की ते आर्ची वाटेनात, म्हणाले, "पोरी, बाकीचीही सगळी काढावी लागतील. नाहीतर पास नाही होणार ती. काय करू, सांग."

सासरे, वॉली, रोरी, तिघं माझ्याकडे बघत होते. आता मनात म्हणून भागणार नव्हतं.

"कापा," मी म्हटलं. "झाकण तेवढं इकडे द्या. घरी डबा उघडा पडलाय."