कावळ्याच्या पानावर घार

विनीता: पान घट्ट धरा, भाऊजी. कठड्यावरून खाली कुणाच्या डोक्यावर पडलं तर तक्रार जाईल.

उल्हास: धरलंय. पण वहिनी, ती तांबड्या पाठीची घार समोरच्या ब्लॉकवर बसलीय तोवर अख्ख्या बुकित पंजांग वस्तीतला एक कावळा इकडे फिरकायचा नाही.

विनीता: हाकला तिला.

उल्हास: इथून? तुआसच्या कारखान्यात होतो तेव्हा अशाच एका घारीनं आमच्या मॅनेजरचं हेल्मेट उचलून क्रेनवर नेलं होतं. मॅनेजरसकट.

विनीता: आज थापा नकोत. तुमच्या दादाचं वर्षश्राद्ध आहे.

उल्हास: म्हणून तर म्हणतो, जेवून घ्या. सकाळी इन्शुलिन टोचलंत, पोटात काही नाही. हात बघा कसे कापताहेत.

विनीता: कावळा शिवल्याशिवाय घास नाही घ्यायची मी.

उल्हास: ही ब्राह्मणी घार आहे. श्राद्धाला ब्राह्मण जेवला तर काय बिघडलं?

विनीता: हसायला त्राण नाही मला. घाम फुटलाय.

उल्हास: मग म्हणा एकदा, दादाची राहिलेली इच्छा पुरी करते म्हणून.

विनीता: म्हटलं की. त्यांच्या शाळेला पुस्तकं देईन म्हटलं, काशीला जाईन म्हटलं.

उल्हास: काशी कुणाला हवी होती? हॉस्पिटलात रोज मला एकच विचारायचा, ऋता आली का. लेक खाली लिफ्टपाशी उभी होती. मी म्हटलं, आणतो वर. तुम्ही म्हणालात, नवऱ्याला सोडून आली तर आणा.

विनीता: न सांगता रजिस्टर लग्न करून मोकळी झाली ती. आईला नंतर फोन.

उल्हास: खरंय. पण दादाला ती बघायची होती... वहिनी, खुर्ची आणतो. तोंड पांढरं पडलंय तुमचं.

विनीता: पान सोडू नका. भिंतीला टेकते मी... अहो, ऐकताय ना तुम्ही? बोलावते. ऋताला घरी बोलावते.

(घार झेपावते आणि पानावरचा वडा घेऊन जाते.)

विनीता: वडाच नेला तिनं. कावळा शिवलाच नाही.

उल्हास: शिवला. तुम्ही डोळे मिटले होतेत. भाताला चोच लावून गेला. उजव्या पायानं जरा लंगडत होता, दादासारखा.

विनीता: थापाडे आहात.

उल्हास: असेन. आधी ही खीर घ्या, मग बोला.

विनीता: द्या... हं. आता फोन लावा तिला. क्लेमेंटीहून यायला वेळ लागेल.

उल्हास: लावतो. तुम्ही, मी, ऋता. तीन पानं मांडू ना?

विनीता: चार मांडा. आणि त्याला तिखट चालतं का, ते विचारा तिला.