खणातला कागद

उस्ताद : बघून घ्या मॅडम, संकोच करू नका. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी उरली, मधली तिन्ही गेली. कप धरता येतो. शर्टाची बटणं ही लावते.

बायको : आणि लावताना रोज ऐकवते. तीस वर्षं घोणशींची विषं काढली आणि एक दिवस लक्ष नव्हतं म्हणून हात घालवून बसले.

मॅडम : रोज, वहिनी?

बायको : ताप असला की सोडते.

उस्ताद : तिचं खरंच आहे, चूक माझीच. तुम्ही टेका ना. प्रयोगशाळा सोडल्यापासून बारा वर्षांत एकदा फोन नाही, आणि आज एकदम दारात.

मॅडम : मागच्या महिन्यात मला हृदयाचा झटका आला.

बायको : अगंबाई. आणि एकट्याच जिने चढून आलात?

मॅडम : आता बरी आहे. दवाखान्यात सिस्टरनं एक बाटली लावली, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. मी मान वळवून नाव वाचलं. आपलं औषध होतं, उस्ताद.

उस्ताद : आपलं म्हणजे, घोणशीचं?

मॅडम : त्याच विषातला आपण वेगळा काढलेला तो तुकडा. आता कारखान्यात बनवतात, साप लागत नाहीत.

उस्ताद : ऐकलंस का गं? मॅडमच्या छातीपर्यंत पोचलं आपलं काम.

मॅडम : दोन दिवस त्या बाटलीकडे बघत पडले होते. उस्ताद, मला काही सांगायचंय. आधी पुरतं ऐकून घ्या.

उस्ताद : बोला की.

मॅडम : वाळवलेलं विष बाटल्यांत भरताना तुम्हाला शिंका यायच्या.

उस्ताद : शिंका यायच्या, डोळ्यांतून पाणी, मनगटावर गांधी. धुळीनं व्हायचं.

मॅडम : धूळ नव्हती ती. विषाची भुकटीच तुम्हाला बाधत होती. म्हणून तर मी तुमचं रक्त तपासायला पाठवलं.

उस्ताद : आठवतंय. सिस्टरला दोनदा शीर सापडली नव्हती. पुढं त्याचं काही आलंच नाही.

मॅडम : आलं होतं. सोमवारी रिपोर्ट आला. तुम्हाला विषाचं वावडं आहे, आणि घोड्याच्या रक्तापासून जो उतारा करतात त्याचंही. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, ह्यांना आजपासून सापांना हात लावू देऊ नका. चावला तर उताराच जिवावर बेतेल.

उस्ताद : सोमवारी.

मॅडम : आणि तुम्हाला चावला शनिवारी.

(बायको हातातलं शिवण बाजूला ठेवते.)

उस्ताद : मग मधले पाच दिवस तो कागद कुठं होता?

मॅडम : माझ्या टेबलाच्या खणात. पुढच्या बुधवारी चाचणीसाठी विष पाठवायचं होतं. साठ घोणशी, आणि तुमच्याशिवाय हात लावणारं कुणी नव्हतं. मी म्हटलं, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. ज्यांना तीस वर्षांत एकदाही चावला नाही, त्यांना आठ दिवसांत काय चावतोय. बुधवारी सांगणार होते.

उस्ताद : मला त्या दिवशी शिंक आली, मॅडम. मान नीट धरलेली होती. शिंकलो आणि पकड ढिली झाली. चौकशीत मी हे बोललो नाही. शिंकेनं हात गेला असं कुणाला सांगायचं?

मॅडम : तुम्ही म्हणालात, लक्ष नव्हतं. मी समोर बसून तेच लिहून घेतलं.

बायको : उतारा दिला आणि ह्यांचा श्वास कोंडला. डॉक्टर सगळ्यांना विचारत होते, ह्यांना कसलं वावडं आहे का. मी नाही म्हणाले. मला काय ठाऊक. तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात.

मॅडम : मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, वहिनी. पण तोवर अर्धी बाटली गेली होती. मग उतारा बंद केला. जीव वाचला, बोटं नाही वाचली.

उस्ताद : तुम्ही सोमवारी सांगितलं असतं ना, तर मी भांडलो असतो. मला कारकुनी देऊ नका म्हणालो असतो. कदाचित ऐकलंही नसतं तुमचं.

मॅडम : असं म्हणून मला मोकळं करू नका. मी तुम्हाला विचारलंच नाही.

उस्ताद : मोकळं करत नाहीये. हाताचं जाऊ द्या, तो गेला. पण बारा वर्षं मला वाटत आलं की माझ्यात खोट आली, माझी पकड गेली. अजून डाव्या हातात भरला पेला धरून बघतो, थरथरतो का. हे तुम्ही निदान नंतर तरी सांगायला हवं होतं.

मॅडम : हो.

उस्ताद : थरथरत नाही तो.

मॅडम : दरवर्षी ठरवायचे, यायचं म्हणून. मग कसली तरी परिषद निघायची, किंवा मीच काढायचे.

उस्ताद : औषध लागू पडलं ना पण तुम्हाला?

मॅडम : पडलं. म्हणून तर तुमच्या दारापर्यंत आले.

बायको : मॅडम, तुमच्यावर मी मागाहून रागावणार आहे. पुष्कळ रागावणार आहे. आत्ता तुम्ही या.

मॅडम : वहिनी, मी...

बायको : जिना सावकाश उतरा. मला ह्यांच्याशी बोलायचंय.