उकडलेलं अंडं

सकाळी नऊला डोळ्यांच्या दवाखान्यात एक बाई उजव्या डोळ्यावर ओला रुमाल दाबून बसल्या होत्या. शेजारी त्यांची लेक होती. समोरच्या बाकावरचा शिंपी चष्मा पुसता पुसता थांबला.

“आई, मायक्रोवेव्हमध्ये अख्खं अंडं ठेवू नकोस म्हणून किती डोकं फोडलं मी.”

“कच्चं नको म्हणालीस. हे उकडलेलं होतं.”

“उकडलेलंही फुटतं गं. आत वाफ कोंडते.”

“तुझ्या मशीनमध्ये नाही फुटलं. बाहेर काढून चमचा लावला, तेव्हा फुटलं.”

“म्हणजे चूक चमच्याची?”

“मग कोणाची?”

“डोळा जाईल अशानं. बाबांनी काही खाल्लं का?”

“दुसरं अंडं आहे ना. म्हटलं, गरम करून घ्या, फक्त चमचा लावू नका.”

लेकीने घाईघाईने घरी फोन लावला. घंटा शिंप्यालाही ऐकू येत होती. कोणी उचलत नव्हतं.