आठशे साठ ग्रॅम जास्त

आकाराम : हात कुठं लावतोय सर? नुसता जाळीला टेकलोय. जाळी काय गाडीत बसती व्हय?

त्र्यंबक : टेकायला हरकत नाही. तुमची दोन बोटं जाळीतून आत आली आहेत, त्यांना हरकत आहे.

आकाराम : आयला, बोटं मोजतोय गडी! मास्तर हुतासा काय?

त्र्यंबक : एकतीस वर्षं, भूमिती. आज या वळणाचा मार्शल आहे. आपण कोण?

आकाराम : आकाराम. उद्यमनगरातला फिटर. ह्या पुण्याच्या कंपनीनं गाडीबरोबर मला बी घेतलाय, शर्यतीपुरता.

त्र्यंबक : मग नियम ऐका. ट्रॅकवर गाडी बंद पडली, तर हात फक्त ड्रायव्हरने लावायचा. हत्यारं गाडीत असतील तीच. बाहेरून खिळासुद्धा द्यायचा नाही.

आकाराम : आन बोलायचं?

त्र्यंबक : बोलायला बंदी नाही.

आकाराम : मग कोल्हापूरच्या माणसाला आनि काय पायजे! ए इरावती! हेल्मेट काढ, बहिऱ्यागत काय बसलीस? काय झालं?

इरावती : गिअर पडत नाहीये, मामा! दांडी नुसती लुळी हलतेय.

आकाराम : उतर खाली. मागचं झाकण उघड. गिअरबॉक्सपाशी बघ. काय दिसतंय?

इरावती : दांडी धरून ठेवणारा ब्रॅकेट तुटलाय.

आकाराम : कुठला?

इरावती : तिथे एकच आहे! तुम्हाला माहितीये कुठला ते!

आकाराम : म्हाईत हाय की. तुझ्या तोंडनं ऐकायचं हाय.

इरावती : माझा. मी डिझाइन केलेला. झालं समाधान?

आकाराम : सर, आता तुम्हीच सांगा. मी सहाशे ग्रॅमचा पोलादी ब्रॅकेट करून दिला. त्याला म्हस बांधली तरी हलायचा न्हाई, असला. हिनं काम्पुटरवर बसून त्यो दोनशेचा केला. अ‍ॅल्युमिनियमचा! वर आनि सात भोकं! च्या गाळायला घ्यायचा न्हवं का घरात?

इरावती : बारा तासांची शर्यत आहे, मामा! एकेक ग्रॅम बारा तास वाहून न्यावा लागतो. टायर, ब्रेक, पेट्रोल, सगळ्यावर त्याचा—

आकाराम : आता कोन वाहून न्हेतंय? गाडी गवतात बसलीया, रवंथ करत.

इरावती : हसू नका! सर, किती वेळ राहिला?

त्र्यंबक : सतरा मिनिटं.

इरावती : बारा तास पुरे झाल्यावर रेषा ओलांडली नाही, तर आम्ही पळालोच नाही असं धरतात. सकाळी सहापासूनच्या सगळ्या फेऱ्या शून्य. आणि सोमवारी कंपनीत मीटिंग आहे. निकालात गाडीचं नाव नसेल तर रेसिंग विभाग बंद. मी परत वायपरमध्ये.

त्र्यंबक : वायपर?

आकाराम : पावसात काच पुसतंय त्ये. चार वर्सं ह्या पोरीनं वायपरची काडी किती वाकती त्ये मोजलंय. तवा कुठं ह्या गाडीत बूड टेकाय मिळालं तिला.

इरावती : मामा, काय करू ते सांगा ना आता.

आकाराम : हत्यारं काय हायती?

इरावती : टेप. आणि दहाचा पाना.

आकाराम : आनि बाकीची पिशवी?

इरावती : वजनासाठी काढली.

आकाराम : कुनी?

इरावती : मामा!

आकाराम : बरं बरं. सीटमागचा फोम उचल. हात घाल खाली. अजून खाली, पार तळाला.

इरावती : कशाला?

आकाराम : घाल की. साप न्हाई ठेवल्याला.

इरावती : हे काय... पक्कड? आणि बायंडिंग वायर? ही इथे कुणी... मामा! वजन किती आहे याचं?

आकाराम : वायरीसकट आठशे साठ ग्रॅम.

इरावती : आठशे साठ! तीन दिवस आम्ही हे आठशे साठ ग्रॅम शोधत होतो! एकेक बोल्ट काढून तोलला! दारांचा रंग खरवडला!

आकाराम : बघत हुतो की. हसून हसून पोटात कळ आली. तुझा सायेब तर म्हनला, हितला काटाच बाद हाय.

इरावती : मी सोडणार नाही तुम्हाला!

त्र्यंबक : एक मिनिट. ही पक्कड गाडीत कधीपासून आहे?

आकाराम : मंगळवारपास्नं. आता सर, उगंच त्येचं...

त्र्यंबक : गप्प बसा. म्हणजे गुरुवारच्या तपासणीत होती. काट्यावर मीच होतो. कंपनीने सांगितलेल्या वजनापेक्षा गाडी आठशे साठ ग्रॅम जास्त भरली. तशी नोंद झाली, खाली बाईंची सही झाली. हत्यार गाडीत होतं का, एवढंच नियम विचारतो. ड्रायव्हरला माहीत होतं का, असं विचारत नाही. बाई, लागा कामाला. चौदा मिनिटं.

आकाराम : मास्तर, पाया पडू का तुमच्या?

त्र्यंबक : जाळीच्या पलीकडूनच पडा.

आकाराम : इरा, आदी हातमोजं घाल, सायलेन्सर तापलाय. गिअरबॉक्सवरची कांडी पक्कडीत धर. धरलीस? मागं वड.

इरावती : अडकतंय!

आकाराम : आतली दातं जुळंनात. गाडी जरा हलव.

इरावती : दोन्ही हात इथे आहेत!

आकाराम : बूड रिकामं हाय न्हवं? ढकल त्यानं.

इरावती : सर, चालतं?

त्र्यंबक : ड्रायव्हरच्या शरीराचा कोणताही भाग चालतो.

इरावती : पडला! एक... थांबा... दोन. आई गं, भाजलं! तीन! तिसऱ्यात आहे, मामा.

आकाराम : बास. हितंच बांध वायरीनं. पीळ दे, आनि दे, पक्कड कशाला हाय? आता तिसऱ्यातच घरी जायाचं. गिअर बदलायचा इचार सुदीक न्हाई करायचा.

इरावती : पण तिसऱ्यात गाडी उचलायची कशी?

आकाराम : म्होरं उतार हाय. क्लच दाबून सरकू दे. मग रेस दाब, क्लच हळू सोड. एकदाच जमंल. दुसऱ्या वक्ताला क्लच जळंल.

त्र्यंबक : चार मिनिटं.

इरावती : बांधला! मी जातो, मामा!

आकाराम : ऐकलासा सर? घाबरल्यावर कशी कोल्हापूरची बोलाय लागली! जा पोरी, पळीव!

(इंजिन ठसकतं, गाडी दोन गचके खाते, मग आवाज एकसुरी होत वळणापलीकडे जातो. काही मिनिटांनी वायरलेस खरखरतो.)

त्र्यंबक : एकतीस नंबर, तुमची गाडी. बारा तास, चाळीस सेकंद. रेषा ओलांडली.

आकाराम : कितवी आली?

त्र्यंबक : गटात सहावी.

आकाराम : गटात हायती किती?

त्र्यंबक : सात. सातवी दुपारी जळाली.

आकाराम : म्हंजे शेवटची! बास की. वायपरला दुसरं कोनतरी बघा म्हनावं.

त्र्यंबक : एक विचारतो. तुमचा सहाशे ग्रॅमचा लावला असता, तर हे सगळं टळलं असतं, नाही?

आकाराम : सर, त्यो वायरलेस बंद हाय न्हवं?

त्र्यंबक : बंद आहे.

आकाराम : माझा मी जीपला लावून बघितलता. जोतिबाच्या घाटात. चौथ्या वळणाला दोन तुकडं. माझा पोलादाचा तुटला तर ह्या चाळणीचं काय खरं, म्हनलं. म्हनून पक्कड ठेवली.

त्र्यंबक : तिला माहीत आहे हे?

आकाराम : न्हाई.

त्र्यंबक : आकाराम, तिचा साडेअकरा तास टिकला.

आकाराम : व्हय. तेवढंच सांगाय जीभ रेटंना झालीया.