कानाला डोळ्याचं औषध

धाकट्याला कशाला विचारताय, ताई? गाडी माझ्यासमोर उभी आहे ना, मग मलाच सांगा काय होतंय ते — नाही, त्या बाजूने नको, डावा कान टायर फुटला तेव्हाच गेला — इकडे या, उजवीकडे, आणि ओरडू नका हो, मी काही बहिरा नाही! काय? टकटक? चढावर टकटक होते? हां, असं सरळ सांगायचं. गॅरेज आम्हा दोघा भावांचं, पण गाडीचं दुखणं ओळखणारा मी. कशाने म्हणताय? या कानाने. त्याने तुम्हाला माझ्या कानाचं काही सांगितलंय का? नाही ना? मग तुम्ही कापसाच्या बोळ्याकडे सारख्या कशाला बघताय?

ही रबराची नळी बघा. एक टोक इंजिनाजवळ, एक टोक कानात — बस्स. बेअरिंग गेलं असलं तर गुरगुरतं, व्हॉल्व्ह सैल झाला असला तर टकटकतो, सगळं कळतं. तर कानाची डॉक्टरीण म्हणते कान या नळीनेच चिघळला. तेलकट नळी कानात खुपसता, म्हणे, मग दुसरं काय होणार? आता नळी नको तर काय, इंजिनात डोकं घालू? माझ्या उस्तादाने हीच नळी वापरली, त्याचा कान शेवटपर्यंत ठणठणीत होता. असो. तिने थेंब लिहून दिले, आणणार कोण, तर धाकटा. आणले. आणि खोक्यावर काय असावं, ताई? डोळा! एवढा मोठा डोळा, पापण्यांसकट! रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

म्हटलं, अरे हे काय? तर म्हणतो, दादा, औषध तेच आहे, डोळ्याचं कानात चालतं, फक्त कानाचं कधी डोळ्यात घालायचं नाही. चालतं म्हणे! मी काय दुधखुळा आहे? मी डॉक्टरणीला फोन लावला — आणि तीसुद्धा तेच बोलली, अगदी तेच, डोळ्याचं कानात चालतं, कानाचं डोळ्यात नाही. आता तुम्हीच सांगा, आपसात ठरवल्याशिवाय दोन माणसं इतकं सारखं बोलतात कधी? तेही इतक्या बारीक आवाजात, की मला तीन-तीनदा विचारायला लागलं! कुठेतरी पाणी मुरतंय, ताई.

आणि का मुरतंय तेही सांगतो. तिकडे मागे बसलाय बघा धाकटा, मांडीवर यंत्र घेऊन. तार गाडीला जोडायची की पडद्यावर बिघाड उमटतो. कानामागून आलं आणि तिखट झालं! येईल ते गिऱ्हाईक हल्ली विचारतं, यंत्र लावणार ना? माझा कान एकदा गेला की यंत्राचंच राज्य — म्हणजे त्याचं. बायकोसुद्धा त्याचीच बाजू घेते. जेवायला बसलो की दोघं कुजबुजतात. परवा तर समोरासमोर बसून इतकं हळू बोलत होते की एक अक्षर कळेल तर शपथ. मी वर बघितलं, तर दोघं गप्प, आणि बायकोच्या डोळ्यांत पाणी! काय समजायचं माणसाने?

मग मी काय केलं — हे कुणाला बोलू नका हं — आपल्या गॅरेजात ती मांजर आहे ना, टायरांवर झोपलेली, तिचे डोळे सारखे गळायचे, पापण्या चिकटायच्या. म्हटलं बघू तरी काय विष आहे ते. रोज सकाळी बायकोला सांगायचं, मी माझं मी घालतो, आणि मागे येऊन थेंब मांजरीच्या डोळ्यांत. ओरबाडलं तिने, हा बघा हात. पण आता बघा तिच्याकडे — डोळे कसे लख्ख! म्हणजे झालं ना सिद्ध? औषध डोळ्याचंच होतं! मी म्हणत होतो तेच!

हसताय कशाला? माझा कान ठसठसतोय हो. रात्री उशी ओली होते, पू येतो. हे मी घरात बोललो नाहीये, तुम्हीही बोलू नका. मला भीती वाटते, ताई. दुसरं काही येत नाही मला. मी बोट दाखवायचो, हा भाग काढ, आणि बिघाड तिथेच निघायचा — लोक लांबून गाड्या घेऊन यायचे माझ्याकडे. हा कान गेला तर काय, पंक्चर काढत बसू धाकट्याच्या हाताखाली?

जाऊ द्या. चला, बसा आत. बॉनेट उघडलं मी, हा बोळा काढला — स्स्, आई गं — ही नळी लावली. हं, करा चालू.

करा की. चावी फिरवा. अहो ताई, हात काय हलवताय नुसते, चावी फिरवा म्हणतोय — काय? बोट कशाला दाखवताय? कुठे? इथे हात ठेवू? इंजिनावर?

थरथरतंय.

कधीपासून चालू आहे?

बंद करा. नाही, तुमची काही चूक नाही, बंद करा तेवढं. आणि धाकट्याला हाक मारा. तुम्हीच मारा, मला — त्याने ओ दिली तरी मला कळायचं नाही. यंत्र घेऊन ये म्हणावं, ताईंची गाडी बघ. आणि नंतर दुकानात जाऊन एक बाटली आण म्हणावं. हो, तीच. डोळ्याचं चित्र असलेली. जा तुम्ही, जा.