रुसलो न्हाई मी!

अवं रुसलो न्हाई मी! किती बोंबलून सांगू? आतड्याला सूज हाय, आत जखमा हायत, सात वर्सं झाली! डॉक्टर म्हनतो, जलमभर गोळ्या. तुमाला सांगतो, मानवतला माझं कापडाचं दुकान. गिऱ्हाइकाचं कापड अर्धं कापलेलं, कात्री तशीच अडकलेली, अन् मी परसाकडं पळायलो... गिऱ्हाईक थांबतंय व्हय? शेवटी पोरानं, शिवकुमारनं, गल्ल्यावरून उठवलं. 'अण्णा, तुमी घरी आराम करा.' आराम! दिवसाच्या बारा खेपा, वर रगत... ह्याला आराम म्हनतेत?

ते जाऊ द्या. परवा नातीचं, त्रिवेणीचं कुंकू होतं, सोयरीक पक्की करायची. पूर्ण्याचे पाव्हणे. आमच्या बायकूनं, शांतम्मानं सकाळीच दम भरला, 'पंगतीतून उठू नका, अन् बिमारीचं तोंडातून काढू नका. घरात रोग हाय म्हनून पोरीला नाकारतेल.' मी म्हनलं, बाई, मला काय सांगती, आतड्याला सांग की! सकाळपासून नुसत्या पान्यावर ऱ्हायलो. बसलो पंगतीत. दुसरा घास घेतला... अन् आली कळ! आता आजाच मधून उठला म्हंजी सोयरीक पसंत न्हाई, असं समजतेत आमच्यात. दात आवळले, घाम फुटला, मांडी बदलली... शेवटी पळालोच!

आत टेकतो न टेकतो तर दारावर टकटक. नवऱ्या पोराचा बाप, महारुद्रआप्पा. 'अण्णा, काय चुकलं आमचं?' काय सांगू? तर आमचा शिवकुमारच, 'रुसलेत जरा. लय तापट हायत.' माझं सोताचं लेकरू! लगेच मानाची टावेल-टोपी आली, नारळ आला, अन् संडासाच्या दारात चार मानसं हात जोडून उभी! 'बाहेर या, अण्णा.' बाहेर येनं माझ्या हातात हाय व्हय? 'थांबा की जरा!' वरडलो, तर म्हनतेत, 'अजून राग गेला न्हाई.' अवं, रुसलो न्हाई मी!

तेवढ्यात त्रिवेणीचा हुंदका ऐकू आला... मग आतूनच म्हनलं, 'हां, रुसलोय! आज्याला टोपी घालायच्या आधी पंगत बसवतेत व्हय?'

जमली सोयरीक. आता शिवकुमार म्हनतो, 'अण्णा, लग्नात पुन्हा उठलाव तर? त्यापरीस रुसूनच घरी ऱ्हावा.'

ऱ्हातो की! सात वर्सं त्या दारामागं कण्हतोय, घरातल्या एकानं टकटक केली न्हाई. रुसलो म्हनल्याबरुबर चौघं आले, नारळ घिऊन! तवा तुमाला कुनी इचारलं, तर तुमीबी सांगा...

रुसलाय म्हातारा.