नव्या कॉइनची सोयरीक

क्रिप्टोच्या नव्या कॉइनचं नाव काढू नका राव माझ्यापुढं! गाडीसाठी साठवलेले पैसे त्यात टाकणार होतो, तेवढ्यात मामा आडवे आले. जन्मभर लग्नं जुळवलेला माणूस! म्हणाले, "आधी चौकशी. कॉइन काढणाऱ्याला फोन लाव."

लावला. मामांनी थेट विचारलं, "घर कुठं? आजोळ कुठलं?"

"काका, आमच्या धंद्यात नाव-गाव सांगत नाहीत."

"लग्न झालंय?"

"नाय ना काका, कुणी पोरगीच देत नाय."

मग काय, पत्ता, आजोळ, बापाचा नंबर, सगळं त्यानं आपणहून सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात कॉइन बुडवून गडी गायब. पैसे गेलेले लोक त्याला दुबईत हुडकतायत, अन् मामा एका पोरीचं स्थळ घेऊन इथं छावणी भागात त्याच्या घरी त्याच्यासोबत पोहे खाऊन आले!

मी ओरडलो, "मामा, पोलिसांना सांगा ना!"

"सांगतो की. आधी पोरीकडच्यांना नकार कळवू दे."